भरून आलेलं कापड

१

जुन्या कपड्याचं वय विचारायला लोक क्षमाकडे येत आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जात. पणजोबांचा म्हणून आणलेला अंगरखा आजोबांच्या लग्नातला निघे, आणि पेशवाईतली म्हणून मिरवलेली पैठणी कुणा मावशीने मागल्या पिढीत येवल्याहून आणलेली असे. रायपूरच्या एका खाजगी वस्त्रसंग्रहालयात, बूढ़ापाऱ्याच्या तलावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, तिची खोली होती. एक लांब टेबल, दोन भिंगं, एक सूक्ष्मदर्शक आणि कपडे ठेवायचे उथळ ड्रॉवर, एवढाच तिचा संसार. नागपूर सोडून ती इथे आली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि या सगळ्या काळात तिने एकाही जुन्या कापडाला कात्री लावली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती फारसा लपवतही नसे.

तिचं खरं कसब होतं उसवून पुन्हा शिवलेल्या कपड्यांत. आपल्याकडे कापड कोण टाकतं? लुगडं विरलं की त्याचा परकर होतो, परकर विटला की बाळाचं झबलं, झबलं आखूड झालं की ते गोधडीत जातं आणि गोधडी फाटली की तिचं पोतेरं होतं. दर खेपेला जुनी शिवण उसवली जाते, पण सुईची भोकं राहतात. दुमडीच्या आतला रंग उन्हापासून वाचलेला असतो. ती भोकं आणि तो रंग वाचत क्षमा मागे मागे जाई. हे झबलं आधी परकर होतं, आणि परकराच्या आधी लुगडं. कापडाचा प्रवास मोठ्याकडून लहानाकडे होतो, उलटा कधीच होत नाही. या एका गोष्टीवर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या दुपारी सुशील आणि त्याची आई विमलाबाई आल्या. सुशील रेल्वेच्या ऑफिसात होता, घर मूळचं वर्ध्याकडचं. त्याने पिशवीतून एक लाल घडी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे किती जुनं आहे तेवढं सांगा," तो म्हणाला. "खरंच जुनं असंल तं तुमच्या म्युझियमले देऊन टाकू. नसंल तं आई कापाले निघाली आहे."

"कापायला? काहून?"

"झबलं शिवाचं आहे नातवाले," विमलाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या होत्या. "आमच्या घरात पहिलं अंगडं याच्यातूनच होते."

सुशील ओशाळला. मग त्याने सांगितलं ते ऐकून क्षमाला त्याच्या ओशाळण्याचं हसू आलं नाही. त्याची बायको पायल दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं. मुठीएवढं, आणि श्वास घ्यायचा विसरत होतं.

"विसरतं म्हणजे?"

"विसरतेच. शांत पडून राह्यते. मशीन वाजते, मग नर्स तळपायाले टिचकी मारते, मग घेते. डॉक्टर म्हणतात वजन वाढलं का आपोआप आठवंल त्याले. पण वजन वाढूनच नाही राह्यलं." तो थांबला. "आईले वाटते झबलं घातलं का होईल. मी म्हटलं, आधी विचारून तं घेऊ. एकदा कापलं तर गेलं ना ते."

"बरोबर आहे," क्षमा म्हणाली. "कापू नका. मला दोन दिवस द्या."

विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यातल्या घड्याळाकडे माणूस पाहतो तसं.

२

घडी उलगडली तेव्हा ती बाराबंदी निघाली. बाराबंदी म्हणजे छातीवर आडवी घेऊन बंदांनी बांधायचा पुरुषाचा जुना अंगरखा. जाडसर सुती कापड, आल नावाच्या झाडाच्या मुळीपासून काढलेला गडद लाल रंग. पाठ एकाच सलग तुकड्याची होती. शिवण हातची, घरच्या बाईची, फार तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. पण कापड मात्र जुनं होतं. पाठीच्या मध्यावर धागा कुठे जाड, कुठे बारीक, म्हणजे चरख्यावर हाताने कातलेला. क्षमाचं मन खुलून आलं. अशी वस्तू तिच्या संग्रहालयात एकही नव्हती, आणि दालनाच्या मधल्या कपाटासाठी ती केव्हापासून काहीतरी शोधत होती.

तिने खिडकीचा पडदा ओढला, दिवा टेबलाच्या पातळीला आणून उजेड तिरपा टाकला आणि भिंग घेऊन पाठीवर वाकली.

भोकं होतीच. मध्यावर एक रांग वळणावळणाने जात होती. तिने चिमट्याच्या टोकाने रांगेचा माग काढला. गोल गळा, दोन उतरते खांदे, दोन बाजू. तळहाताएवढं बाळाचं झबलं, मोठ्या माणसाच्या पाठीच्या बरोबर मधोमध.

तिला हसूच आलं. ही काय गंमत? झबलं मोठ्या कपड्यातून निघतं, मोठा कपडा झबल्यातून निघत नाही. कुणीतरी कधी तरी बाळाचं झबलं या कापडावर ठेवून कच्चे टाके घातले असतील, माप घ्यायला. चला, सुटलं.

पण तिची नजर गळ्यावरून हलेना. कच्च्या टाक्याची भोकं विरळ असतात. ही दाट होती, पट्टी लावून पक्की शिवल्यासारखी. आणि भोकांच्या आतल्या अंगाला एक बारीक घडीची रेघ होती, गोल. कापलेली कडा आत दुमडून शिवली की तिथे अशी रेघ पडते आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. कापलेली कडा. म्हणजे गळा एकदा कापला होता.

मग गळ्याच्या जागी भोक हवं होतं. तिथे कापड होतं.

रफू असेल, तिने मनाला सांगितलं. लखनौच्या एका रफूगराचं काम तिने पाहिलं होतं, सुलट्या बाजूने देवालाही कळलं नसतं. पण उलटी बाजू नेहमी चुगली करते. तिथे धागे दुहेरी होतात, एखादी गाठ राहते. तिने बाराबंदी उलटी केली. उलटी बाजू तितकीच साफ होती.

आणि आता, उजेड थोडा हलल्यावर, त्या गळ्याच्या आतबाहेर आणखी दोन गळे दिसले. एकावर एक, जवळजवळ एकाच जागी. तीन झबली. तीन वेळा कापलेलं आणि तिन्ही वेळा भरून आलेलं कापड. भरून आलेलं हा शब्द तिला जखमेसाठी ठाऊक होता, आणि तो तिच्या मनात असा न विचारता यावा याचं तिला नवल वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने परागला बोलावलं. पराग संग्रहालयाचा फोटोग्राफर, दोन पोरींचा बाप, जन्म रायपूरचाच. मराठी त्याला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीतून येई.

"एक दोरा धर," ती म्हणाली. "गळ्यापाशी सुरू कर आणि काठापर्यंत जा. प्रत्येक ठिकाणी फोटो काढ."

सूक्ष्मदर्शकाचं चित्र पडद्यावर येत होतं. पराग कापड केसभर सरकवे, थांबे, पुन्हा सरकवे. सुरुवातीला दोरा हातचा होता, पीळ सैल, अंगाने ओबडधोबड. हळूहळू तो सारखा होत गेला. पुढे त्याचा पीळ घट्ट झाला, गिरणीच्या सुतासारखा. काठाजवळ तर तो आजच्या दुकानातल्या सुताइतका गुळगुळीत होता.

"जोड़ कहाँ है?" परागने विचारलं.

"तेच तर शोधतोय आपण."

त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. जोड नव्हता. एकच दोरा होता, एका टोकाला चरख्याचा आणि दुसऱ्या टोकाला गिरणीचा. क्षमाने आजवर कापडाची लांबी हातात मोजली होती, पन्ह्यात मोजली होती. हा दोरा दीडशे वर्षं लांब होता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते अप्रूप, इतकं की छातीत दुखावं. सूक्ष्मदर्शक खराब असेल, रंगामुळे डोळा फसत असेल, दोरा मध्ये कुठेतरी निसटून शेजारचा हाती आला असेल, अशी कारणं ती एकेक काढत होती आणि परागच्या चेहऱ्याकडे पाहत होती. परागही तेच करत होता.

"दीदी, ये नीचे का किनारा फूला हुआ क्यों है?" तो शेवटी म्हणाला.

खालची दुमड खरंच फुगली होती. आत काहीतरी कोंबल्यासारखी. क्षमाने सुशीलला फोन करून दोन टाके उसवायची परवानगी घेतली आणि बारीक सुईने ते उचलले. दुमडीतून कापड बाहेर आलं. चुरगळलेलं, कोवळं, वीतभर. कुणी तिथे भरलेलं नव्हतं, ते त्याच काठाचं पुढे वाढलेलं अंग होतं. त्याचा लाल रंग इतका ताजा होता की क्षमाने नकळत बोटं पाहिली, डाग लागला का म्हणून.

तिचं सगळं शास्त्र एका वाक्यावर उभं होतं. कपडा कधीचा हे त्याच्यातली सगळ्यात नवी गोष्ट ठरवते. इथली सगळ्यात नवी गोष्ट या महिन्यातली होती.

४

संध्याकाळी ती घडी घेऊन क्षमा सुशीलच्या घरी गेली. गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरचा मजला. खाली कुणीतरी पितळी परातींची रास लावत होतं, त्याचा खणखणाट जिन्यापर्यंत येत होता. विमलाबाई आतल्या खोलीत एकट्याच होत्या. सुशील दवाखान्यातून नुकताच येऊन बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता. दुपारी मशीन पुन्हा वाजलं होतं, आणि या वेळी टिचकी पुरली नव्हती.

"काकू, ही बाराबंदी कुणाची?" क्षमाने विचारलं.

"सुशीलची."

"म्हणजे सुशीलच्या आजोबांची?"

"नाही वं. सुशीलचं झबलं हे." विमलाबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं. "त्याच्या बाबाच्या बाराबंदीतून कापलं होतं, पाठीच्या मधातून. मधातूनच कापा लागते. मग पोट्टा वाढला तसं तसं मी दर दिवाळीले उसवून पुन्हा शिवत गेली. कॉलेजात गेल्यावर त्याने घालणंच सोडलं, मग पेटीत ठेवलं. इतकी वर्षं गुपचूप होतं."

"आणि आता?"

"सून गरोदर राह्यली अन् पेटीचं झाकण लागेना."

क्षमाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. म्हातारी थट्टा करणाऱ्यांतली नव्हती, आणि तशी ती चक्रमही दिसत नव्हती. तिच्या पायांना भेगा होत्या, दंडाला रक्तदाब मोजल्याच्या पट्टीचा वळ होता.

"त्याच्या बाबांची उरलेली बाराबंदी कुठे आहे?"

"ते त्याह्यच्या संगं गेली. अंगावरच होती." त्यांनी बाराबंदीवर हात ठेवला. "कसं होते, काहून होते, मले नको विचारू पोरी. मले कोणी सांगितलं नाही अन् म्या विचारलं नाही. तू फक्त इतकं सांग, कापू का नको? सुशील तुह्यं ऐकंल."

हे खरं होतं. तिने 'अनमोल आहे, कापू नका' म्हटलं असतं तर सुशीलने उद्या सकाळी ती बाराबंदी संग्रहालयात आणून दिली असती. ते खोटंही ठरलं नसतं. दालनाच्या मधल्या कपाटात ती लाल पाठ तिच्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती. खालच्या पाटीवर स्वतःचं नावही दिसत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही, खोटं कशाला बोला. पण पाटीवर साल कोणतं लिहिणार? आणि बाहेरच्या खोलीत सुशील फोनवर कुणाला तरी विचारत होता, "आता घेऊन राह्यला ना? बरोबर घेऊन राह्यला ना?"

तिने त्याला आत बोलावलं. "याचं वय मला काढता आलं नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. "कापा तुम्ही."

सुशीलने सुटकेचा श्वास टाकला. "मग असं करू मॅडम. झबल्यापुरतं आई घेईल, उरलेलं तुम्ही घेऊन जा. इथं ठेवून काय करणार?"

विमलाबाई क्षणभर घुटमळल्या. "उरलेलं कधी दुसऱ्याच्या घरी गेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण बाईनं इतकं केलं आपल्यासाठी. ने." मग त्यांनी फडताळातून कात्री काढली आणि क्षमाच्या हातात दिली. "तूच काप. बाहेरच्या बाईनं कापा लागते. सुशीलच्या वेळी शेजारची तेलुगू बाई होती, क्वार्टरमधली. घरच्या बाईचा हात थरथरते."

क्षमाने कात्री घेतली. सुशील पुन्हा बाहेर गेला होता. तिने पाठीच्या मध्यावर खडूने आकार काढला, तो त्या तीन गळ्यांवर आपोआप बसला. कात्रीने पहिला घास घेतला आणि बाहेर सुशीलचं बोलणं मधेच तुटलं.

"काय झालं रे?" विमलाबाईंनी विचारलं.

"काही नाही. ठसका लागला."

क्षमा कापत राहिली. जाड सुती कापड कापताना जो कर्र आवाज येतो तो येत नव्हता. तुकडा सुटला तेव्हा तिने कडेकडे पाहिलं. एकही दशी सुटलेली नव्हती. धाग्यांची टोकं हळूच आत वळत होती, चटका बसल्यावर बोटं मिटतात तशी. तिने डोळे मिटून उघडले. आता ती नुसती कापलेली कडा होती. तिने कात्री खाली ठेवली आणि त्या कापडाला हात जोडले. विमलाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

५

झबलं त्याच रात्री शिवून, उकळून, इस्त्री करून दवाखान्यात गेलं. दवाखान्याने फार खळखळ केली नाही, पुढून बंदांचं असल्याने नळ्या-तारा काढाव्या लागत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून मशीन वाजायचं थांबलं. बाळाने वजन धरलं. विमलाबाईंचा फोन येई तो फक्त आकडा सांगायला, आणि आकडा सांगून झाला की त्या फोन ठेवून देत. क्षमा त्या फोनची वाट पाहू लागली होती.

तिने स्वतःला पुरेशी कारणं दिली होती. अशी बाळं एक दिवस आपसूक श्वास धरतात, डॉक्टर पहिल्यापासून तेच सांगत होते. कापडाचं कोडं कापडापाशी, बाळाचं बाळापाशी. दोन्हींची गाठ मारायचं कारण नव्हतं.

आठवडाभराने सुशील उरलेली बाराबंदी घेऊन आला. पाठीत झबल्याच्या आकाराचं भोक पडलेली. क्षमाने ती घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक कापडाचं जे करतात तेच केलं. जुन्या कापडात किडीची अंडी असतात. औषध मारलं तर रंग जातो, म्हणून कापड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, सोबत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, आणि तोंड गरम पट्टीने चिकटवून टाकायचं. आत हवा उरली तरी ती जगवणारी उरत नाही. कीड गुदमरून मरते, कापडाला धक्का लागत नाही. हा नियम संग्रहालयात तिनेच घालून दिला होता. तिचे हात हे काम करत असताना तिचं मन कपाटाच्या काचेचा विचार करत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी पाहायला गेली. प्लॅस्टिक आत ओढलं जाऊन कापडाला घट्ट बसलं होतं, सगळ्या पाठीवर बारीक चुण्या पडल्या होत्या. हे व्हायचंच असतं. फक्त एका जागी, पिशवीच्या आतून, रुपयाएवढी वाफ धरली होती. ती पाहत असतानाच वाफ विरली. थोड्या वेळाने पुन्हा धरली.

एसी जास्त झालाय, क्षमाला वाटलं. तिने तो कमी केला आणि कुलूप लावलं. आज बाळाला पाहायला जायचं कबूल केलं होतं.

६

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर लांब काच होती आणि काचेपलीकडे पेट्यांची रांग. बाळाची पेटी काचेला लागूनच होती. पायल आत स्टुलावर बसली होती, पेटीच्या गोल झरोक्यातून तिचं एक बोट बाळाच्या मुठीत. लाल झबल्यातलं ते चिमुकलं अंग पाहून क्षमाच्या डोळ्यांत पाणी आलं. विमलाबाई तिच्याजवळ सरकल्या. "घातल्यापासून उतरवलंच नाही," त्या म्हणाल्या. "पाह्य, वजन वाढलं तरी आखूड नाही झालं."

सुशील जिना चढून आला तेव्हा भिंतीला धरून उभा राहिला. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"काय झालं?" क्षमाने विचारलं.

"काल दुपारपासून असंच होऊन राह्यलं. ॲसिडिटी असंल." त्याने तोंडाने श्वास घेतला. "मॅडम, इथं हवा कमी आहे का हो?"

आत मशीन वाजलं.

नर्स सावकाशच आली, अशा आवाजांची तिला सवय होती. तिने टिचकी मारली. पुन्हा मारली. मग तिने मागे वळून कुणाला तरी हाक दिली आणि पायलला खांद्याला धरून बाजूला केलं. दुसरी नर्स धावत आली, हातात रबरी फुगा आणि इवलासा मुखवटा. विमलाबाईंनी दोन्ही तळवे काचेवर टेकले.

क्षमाला बाळाचा चेहरा दिसत नव्हता. तिला फक्त झबलं दिसत होतं. ते मघासारखं सैल नव्हतं, छातीला घट्ट बसलं होतं, कुणी आतून ओढून धरल्यासारखं, आणि त्यावर बारीक चुण्या पडल्या होत्या. अगदी अशाच चुण्या तिने सकाळी पाहिल्या होत्या.

तिच्या शेजारी सुशील भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

काल दुपारपासून. काल दुपारीच तर तिने गरम पट्टी दाबून पिशवीचं तोंड बंद केलं होतं.

यावर विश्वास ठेवायला वेळ नव्हता, आणि न ठेवायलाही. "इकडे या कुणी, याला बघा!" ती वॉर्डबॉयवर ओरडली आणि दुसऱ्या हाताने परागचा नंबर लावला.

"पराग, माझ्या खोलीत जा. चावी ऑफिसात आहे. पळत जा."

"दीदी, हुआ क्या?"

"पळ रे!"

त्याच्या पावलांचा आवाज आला, कुलपाचा आला. काचेपलीकडे फुगा दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि लाल कापड हलत नव्हतं.

"लाल कापडाची पिशवी फाड."

"फाड़ दूँ? नया सील है, दीदी. आपने ही तो..."

"फाड!"

प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज फोनवर आला, आणि त्याच्यामागून दुसरा एक आवाज. लांब, खोल, आत ओढून घेतलेला. पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसला.

काचेपलीकडे झबलं उचललं गेलं. क्षमाने ते नीट पाहिलं. आधी कापड वर आलं, छातीपासून सुटून, बोटभर. बाळाची छाती अजून खालीच होती. मग ती त्या कापडाच्या मागोमाग वर आली, हात धरून उठवलेल्या मुलासारखी. नर्सने फुगा बाजूला घेतला. बाळ रडलं, बारीक आवाजात, काचेतूनही ऐकू येईल इतकं. खाली जमिनीवर सुशील खोकत होता आणि वॉर्डबॉय त्याला पाणी देत होता.

विमलाबाईंनी कपाळ काचेला टेकवलं. क्षमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला हुंदका येत होता आणि त्यात दुःख मुळीच नव्हतं.

फोन अजून चालूच होता. "पराग?"

पलीकडे प्लॅस्टिक चुरचुरलं. मग तो अगदी हळू बोलला, झोपलेल्या पोरीजवळ बसून बोलावं तसं.

"दीदी, इसकी पीठ में छेद था ना? बीच में?"

"हो. मीच कापलं ते."

"भर रहा है," तो म्हणाला. "मैं देख रहा हूँ. इधर से एक धागा जा रहा है, उधर से एक आ रहा है." तो तिथून हलला नव्हता. "मैं क्या करूँ, दीदी?"

या शहरात खिडकी उघडी ठेवली की तासाभरात टेबलावर कारखान्यांची काळी धूळ बसते. क्षमाच्या खोलीची खिडकी तिने पहिल्याच वर्षी खिळे मारून बंद करून घेतली होती, आणि ती कधी कुणाला उघडू दिली नव्हती.

"हातोडी आण," ती म्हणाली, "आणि खिडकी उघड. दोन्ही दारं उघडी टाक. मी येईपर्यंत त्याच्याजवळ बस."